समुद्राच्या वतीने

साशंक : दगड टाकून कायदा बदलायचा, ही पद्धत मला पटत नाही. उत्तर समुद्राच्या मध्यावर डॉगर बँक नावाचा वाळूचा उथळ पट्टा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ग्रीनपीसने आपल्या जहाजावरून तिथे मोठाले दगड सोडले. तळाशी असे दगड असले की ट्रॉलरचं जाळं अडकतं, फाटतं, म्हणून बोटी त्या बाजूला फिरकत नाहीत. हेतू मला कळतो. पण तिथे मासेमारी करणारे चोर नव्हते. त्यांच्याकडे परवाने होते, कोटा होता आणि तेव्हाच्या कायद्याने त्यांना तिथे जाळं ओढायची मुभा होती. एखाद्या संस्थेला कायदा अपुरा वाटला म्हणून तिने स्वतःच बंदी अमलात आणायची, हे आज तुम्हाला रुचतं, कारण उद्देश तुमच्या मनासारखा आहे. उद्या दुसरी संघटना दुसऱ्या उद्देशाने हेच करील, तेव्हा तिला कोणत्या तोंडाने अडवाल? शिवाय खवळलेल्या समुद्रात तळाशी अडकलेलं जाळं बोट उलटवू शकतं. खलाशाचा जीव कोणत्याही आंदोलनाने पणाला लावता कामा नये.

समर्थक : जिवाच्या धोक्याचा मुद्दा मी हलका मानत नाही. पण त्या बोटी कायदेशीर होत्या, हेच खरं दुखणं आहे. डॉगर बँकचा ब्रिटनकडचा भाग संरक्षित क्षेत्र आहे आणि ते संरक्षण तिथल्या तळासाठीच आहे, वाळूच्या पट्ट्यासाठी आणि त्यात राहणाऱ्या जिवांसाठी. तळावरून जड जाळी आणि साखळ्या ओढणारी मासेमारी नेमका तोच तळ खरवडते. दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली बाहेरच खिळ्याला टांगून ठेवायची, असा हा प्रकार होता. दगड पडल्यावर तिथल्या सरकारी यंत्रणेने विनापरवाना दगड टाकल्याबद्दल ग्रीनपीसवर खटला भरला. तो टिकला नाही. आणि जून २०२२ मध्ये त्याच यंत्रणेने डॉगर बँकच्या संरक्षित भागात तळ खरवडणाऱ्या जाळ्यांवर बंदी घातली. जे दोन वर्षांत करता आलं, ते आधीच्या इतक्या वर्षांत का झालं नाही?

आणि कायदा असून उपयोग नसतो, त्याचं उदाहरण हवं असेल तर इटलीतल्या तोस्कानाच्या किनाऱ्यावरचं तालामोने घ्या. भूमध्य समुद्रात किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात, साधारण ३ सागरी मैलांपर्यंत, ट्रॉलिंगला मनाई आहे. तरी रात्री ट्रॉलर आत यायचे आणि पोसिडोनिया हे समुद्रगवत मुळासकट उपटून न्यायचे. माशांची पिल्लं वाढतात ती याच गवतात. तिथला मच्छीमार पाओलो फान्चुल्ली वर्षानुवर्षं तक्रारी करून थकला. २००६ मध्ये तळाशी काँक्रीटचे ठोकळे टाकले गेले, ते पुरले नाहीत. मग त्याने कारारा गावातल्या खाणमालकाकडे संगमरवर मागितला, शिल्पकारांनी त्या शिळा घडवल्या आणि ती शिल्पं समुद्रात उतरवली. जाळं अडवायला तिथे आता मूर्ती उभ्या आहेत. हा माणूस कायदा मोडत नव्हता. सरकारने सोडून दिलेला कायदा तो पाळायला लावत होता.

साशंक : तालामोने मला मान्य आहे, आणि का मान्य आहे ते सांगतो. कायदा त्याच्या बाजूने होता, पाणी त्याच्या रोजच्या वावरातलं होतं आणि चूक झाली असती तर तिची झळ त्यालाच बसली असती. डॉगर बँकवर यातली एकही गोष्ट नव्हती. पण तो भेद तूर्त बाजूला ठेवतो. माझा मोठा आक्षेप पुढचा आहे. एक क्षेत्र बंद केलं म्हणून बोटी नाहीशा होत नाहीत. त्या रेषेच्या पलीकडे जातात आणि तिथला तळ दुपटीने खरवडतात. नकाशावर एक चौकोन हिरवा होतो, शेजारचा अधिक उजाड होतो. हेच मोठ्या प्रमाणावर पाहा. युरोपीय संघात जेवढं समुद्री अन्न खाल्लं जातं, त्यातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं. युरोपीय बोटी पश्चिम आफ्रिकेच्या पाण्यात करार करून मासे पकडत आल्या आहेत. सेनेगलबरोबरचा असा करार नोव्हेंबर २०२४ मध्ये संपला, पण तोवर डाकारच्या होडीवाल्यांनी परदेशी जहाजांविरुद्ध किती आवाज उठवला होता! आपल्या घरचा समुद्र शुद्ध ठेवायचा आणि भूक दुसऱ्याच्या समुद्रावर भागवायची, याला मी संरक्षण म्हणणार नाही.

समर्थक : हे खरं आहे, म्हणूनच केवळ क्षेत्रं बंद करून भागत नाही, एकूण मासेमारीच कमी करावी लागते. पण बोटी दुसरीकडे जातील हे कारण प्रत्येक बंदीच्या वेळी पुढे केलं जातं, त्यामुळे बंदीनंतर काय झालं तेही बघू. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला लाइम बेमध्ये २००८ साली सुमारे २०० चौरस किलोमीटर क्षेत्रात तळ खरवडणारी जाळी बंद झाली. तिथले समुद्रपंखे, स्पंज, शिंपले परतले आणि सापळे लावणारे छोटे मच्छीमार तिथेच काम करत राहिले. एड्रिआटिक समुद्रात याबुका नावाची खोल खळगी आहे, हेक माशाची आणि नॉर्वे लॉबस्टरची पिल्लं तिथे वाढतात. २०१७ मध्ये इटली आणि क्रोएशिया यांच्यामधली ही खळगी तळजाळ्यांना बंद केली आणि दोन्ही जाती सावरल्या. तिथे वाढलेला मासा रेषेत थांबत नाही, बाहेर येतो, आणि तो पकडणाऱ्या बोटी त्याच मच्छीमारांच्या असतात.

आयातीबद्दल म्हणाल, तर युरोपने बेकायदेशीर मासेमारीविरुद्धचा आपला नियम २०१० पासून लागू केला. समुद्रातून पकडलेला मासा त्या बाजारात न्यायचा तर तो कुठे, कोणत्या बोटीने, कसा पकडला याचा दाखला लागतो. आपल्या किनाऱ्यावरून युरोपात जाणाऱ्या माकलीलाही तो लागतो. जो देश आपल्या बोटींवर लक्ष ठेवत नाही त्याला आधी पिवळं कार्ड, मग लाल. श्रीलंकेला लाल कार्ड मिळालं, २०१५ मध्ये तिचा मासा युरोपात बंद झाला आणि व्यवस्था सुधारल्यावर २०१६ मध्ये बंदी उठली. सेनेगलला २०२४ मध्ये पिवळं मिळालं. जगाकडे दाखला मागणाऱ्याने आपल्या ट्रॉलरकडेही तो मागावा, एवढंच आंदोलन करणारे म्हणतात.

साशंक : आता मी तुमच्यापुढे असं प्रकरण ठेवतो, ज्यात आंदोलन जिंकलं आणि समुद्र जिंकला की नाही हे कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. नेदरलँड्समधल्या बोटी सोल पकडतात. आपल्या लेपीसारखा हा चपटा मासा वाळूत दडून बसतो. त्याला उठवायला जुन्या बीम ट्रॉलमध्ये जड साखळ्या तळावरून ओढतात. डच मच्छीमारांनी साखळ्यांच्या जागी विजेचे सौम्य झटके देणारं पल्स जाळं आणलं. मासा दचकून वर येतो, साखळ्या लागत नाहीत, जाळं हलकं होतं, इंधन जवळपास निम्मं लागतं आणि तळ कमी उखडतो. मग फ्रान्समधल्या ब्लूम या संस्थेने मोहीम काढली. तिच्या संस्थापक क्लेअर नुव्हियाँ यांना २०१८ मध्ये पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी जानेवारीत युरोपीय संसदेने या पद्धतीविरुद्ध मत दिलं आणि जुलै २०२१ पासून ती पूर्ण बंद झाली. पण या क्षेत्रातली सर्वांत मान्यवर शास्त्रीय संस्था, समुद्र संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद आयसीईएस, सांगत होती की सोल पकडायचाच असेल तर साखळ्यांच्या बीम ट्रॉलपेक्षा पल्स जाळ्याने पर्यावरणाची हानी कमी होते. बंदीनंतर बोटींनी काय केलं? बऱ्याच जणांनी जुन्या साखळ्या पुन्हा चढवल्या. ज्या तळासाठी तुम्ही डॉगर बँकवर लढलात, तोच तळ या विजयानंतर अधिक खरवडला गेला. विज्ञान आपल्या बाजूने असेल तेव्हा त्याचा दाखला द्यायचा आणि विरोधात असेल तेव्हा लोकांच्या मनातली विजेची भीती वापरायची, हे मला अप्रामाणिक वाटतं.

समर्थक : या प्रकरणात माझ्या बाजूला सहज उत्तर नाही. तरी शास्त्रज्ञांना काय विचारलं गेलं होतं ते बघा. प्रश्न असा होता की पल्स आणि बीम ट्रॉल यांत कमी वाईट कोणतं. त्याचं उत्तर त्यांनी नीट दिलं. पण फ्रान्समधल्या डंकर्कचे, इंग्लंडमधल्या थॅनेटचे आणि लोवस्टॉफ्टचे छोटे मच्छीमार वेगळंच विचारत होते. ते एका जागी जाळं लावून सोल पकडतात. पल्स बोटी त्यांच्या पाण्यात आल्यापासून आपल्या जाळ्यात काही लागत नाही, असं ते सांगत होते. पल्स विरुद्ध त्यांचं स्थिर जाळं, ही तुलना करायला शास्त्रज्ञांना सांगितलंच नव्हतं. एखादं साधन एका किलो माशामागे कमी नुकसान करत असेल आणि तरी एका बंदराचा मासा दुसऱ्या बंदराकडे ओढून नेत असेल, तर ते चांगलं की वाईट, हे केवळ शास्त्रज्ञ कसं ठरवतील?

आणि हे परवाने कसे वाढले? विजेने मासेमारी युरोपात १९९८ पासूनच निषिद्ध होती. पुढे उत्तर समुद्राच्या दक्षिण भागात प्रत्येक देशाच्या बीम ट्रॉल बोटींपैकी ५ टक्क्यांना सूट मिळाली. नेदरलँड्समध्ये ती प्रयोग आणि संशोधन या नावाखाली ८४ बोटींपर्यंत पोचली. ज्या पद्धतीचे गुण पारखायचे होते, ती पारखण्याआधीच धंदा झाली. तंत्र निर्दोष असेलही, पण त्याच्यासाठी नियम वाकवले गेले आणि विश्वास तिथेच तुटला.

साशंक : मग मोहिमेने हेच म्हणायला हवं होतं. वाटणी अन्यायाची आहे, परवाने आडमार्गाने वाढले आहेत, छोट्या मच्छीमाराच्या तोंडचा घास चालला आहे. ते म्हटलं असतं तर नियम सुधारता आला असता आणि हलकं जाळंही टिकलं असतं. पण वाटणीचा प्रश्न चित्रात दिसत नाही, झटका बसलेला मासा दिसतो. म्हणून मोहीम झटक्यावर चालली. माझी मूळ शंका ही आहे. आंदोलन त्याच प्रश्नांकडे वळतं जे डोळ्यांना दिसतात. टाकून दिलेल्या माशांचं बघा. कोट्यापेक्षा जास्त आलेला मासा मेलेला असला तरी समुद्रात फेकावा लागत असे. २०११ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ह्यू फर्नली-व्हिटिंगस्टॉल यांनी ते दाखवलं, लाखो लोकांनी सह्या केल्या, २०१३ मध्ये युरोपचं मत्स्यधोरण बदललं आणि २०१९ पासून कोट्यातल्या जातींचा पकडलेला सगळा मासा बंदरात आणणं बंधनकारक झालं. पुढे? खोल समुद्रात बघायला कोणी नाही, बोटीवर कॅमेरा नाही, आणि नियम सर्रास पाळला जात नाही हे खुद्द युरोपीय आयोगानेच मान्य केलं. शिवाय मिश्र मासेमारीत एका जातीचा कोटा संपला की बाकीच्या जातींचा असूनही बोट बांधून ठेवावी लागते. त्यामुळे प्रामाणिक मच्छीमाराला तोटा आणि लपवणाऱ्याला फायदा. सह्या करणाऱ्यांपैकी किती जण या टप्प्यावर त्याच्यासोबत उभे होते?

समर्थक : फार थोडे. हा दोष मी पदरात घेते. पण सगळेच निघून गेले नाहीत. २०२३ मध्ये नियंत्रणाचा नियम बदलला. आता लहानमोठ्या सर्व बोटींवर माग काढणारं यंत्र येणार आहे आणि १८ मीटर किंवा त्याहून लांब, नियमभंगाची शक्यता जास्त असलेल्या बोटींवर कॅमेरे. त्यासाठी काही संस्था वर्षानुवर्षं आयोगाच्या कार्यालयांत खेटे घालत होत्या. त्या कामाची छायाचित्रं निघत नाहीत, म्हणून ते तुम्हाला दिसलं नाही.

आणि दिसणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये बिस्केच्या उपसागरात मार्गिरिस या अजस्र ट्रॉलरच्या मागे एक लाखाहून अधिक मेलेले ब्लू व्हायटिंग मासे तरंगत होते. जाळं फाटलं, असं जहाजाच्या बाजूने सांगण्यात आलं. ते खरं असेल. पण सी शेफर्ड या समुद्ररक्षक संस्थेची माणसं तिथे नसती तर किनाऱ्यावर कोणाला कळलंही नसतं. जंगल तोडलं तर उजाड डोंगर दिसतो. समुद्र वरून नेहमी सारखाच दिसतो.

तुम्ही कंटाळवाण्या यंत्रणांवर विश्वास ठेवता ना? मग ब्लूफिन टूना बघा. अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातल्या टूनाचा कारभार आयकॅट ही आंतरराष्ट्रीय यंत्रणा बघते. २००७ साठी शास्त्रज्ञ १५,००० टनांच्या आसपास थांबा म्हणत होते, यंत्रणेने मर्यादा ठेवली २९,५०० टन आणि शास्त्रज्ञांच्याच अंदाजाने प्रत्यक्षात पकडला गेला सुमारे ६१,००० टन. कायदा, समिती, तज्ज्ञ, सगळं जागेवर होतं आणि मासा संपत चालला होता. मग आंदोलनं झाली, चित्रपट निघाला, हॉटेलांनी टूना पानावरून काढला आणि २०१० मध्ये मोनॅकोने त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी मागितली. त्या वर्षी मर्यादा १३,५०० टनांवर आली, पुढच्या वर्षी १२,९००. २०२१ मध्ये अटलांटिक ब्लूफिन धोक्यातल्या जातींच्या यादीतून बाहेर आला.

साशंक : ही गोष्ट माझ्याही बाजूची आहे. दोहा इथल्या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मोनॅकोचा प्रस्ताव फेटाळला गेला. व्यापारबंदी झाली नाही. तरी मासा सावरला, कारण कोटा उतरला, बोटींवर निरीक्षक आले, प्रत्येक टूनामागे कागद आला. बंदी झाली असती तर स्पेनच्या काडिझ किनाऱ्यावरचे आल्माद्राबावाले, शतकानुशतकं एकाच जागी जाळ्यांचा चक्रव्यूह लावून टूना पकडणारे लोक, इतरांबरोबर भरडले गेले असते. म्हणजे आंदोलनाचं निदान बरोबर होतं आणि औषध चूक होतं. आणि २०१८ मध्ये बेकायदेशीर टूनाच्या व्यापारात ७९ जण पकडले गेले, ते युरोपोल आणि स्पेनच्या पोलिसांच्या तपासातून. म्हणून मी म्हणतो, घंटा वाजवण्याचा अधिकार आंदोलनाला पूर्ण आहे. औषध ठरवण्याचं काम त्याचं नाही.

समर्थक : औषध चूक होतं, हे आज मागे वळून म्हणता येतं. पण पूर्ण बंदीची टांगती तलवार नसती तर त्या यंत्रणेने कोटा निम्म्याहून खाली आणला असता का? मला सिद्ध करता येणार नाही, तुम्हालाही खोडता येणार नाही. आणि औषध ठरवायचं तर कोणी? दर डिसेंबरला ब्रुसेल्समध्ये मत्स्यमंत्री पुढच्या वर्षाचे कोटे ठरवतात. रात्र रात्र वाटाघाटी होतात, दारं बंद असतात. मोठ्या ताफ्यांचे प्रतिनिधी मंत्र्यांपर्यंत सहज पोचतात. युरोपीय संघातल्या बोटींपैकी सुमारे तीन चतुर्थांश बोटी छोट्या, किनाऱ्यालगत काम करणाऱ्या आहेत. कोट्यांची वाटणी पारदर्शक निकषांनी करावी आणि त्यात पर्यावरणाचा, स्थानिक रोजगाराचा विचार असावा, असं २०१३ च्या धोरणाच्या १७ व्या कलमात लिहून ठेवलंय. ते कलम बहुतेक कागदावरच आहे. ज्यांना आत खुर्ची नाही, ते बाहेरूनच बोलणार.

साशंक : बाहेरून बोलावं. पण बोलल्याचा जाब कोणी द्यायचा? २०२३ मध्ये आयोगाने सर्व संरक्षित क्षेत्रांतून २०३० पर्यंत तळजाळी हद्दपार करायचा आराखडा मांडला, तेव्हा फ्रान्सची बंदरं बंद पडली. इंधन महागलेलं, ब्रेक्झिटने पाणी गेलेलं, आणि त्यात हे. त्यांचा राग सगळाच कंपन्यांनी भडकवलेला नव्हता. मच्छीमार चुकला तर परवाना जातो, बोट जाते. मंत्री चुकला तर निदान निवडणूक हरतो. मोहीम चुकली तर काय जातं? पल्स बंदीनंतर जास्त जळालेल्या डिझेलचा हिशेब कोणाच्या वहीत लिहिला गेला? माझी मागणी एवढीच आहे. ज्या संस्थेने बंदी मिळवली, तिने पाच वर्षांनी त्याच बंदरात जाऊन सांगावं की मासा किती वाढला, बोटी किती विकल्या गेल्या, तळाचं काय झालं, आणि आपलं कुठे चुकलं.

समर्थक : ही मागणी मला मान्य आहे, आणि ती सगळ्यांना लागू असावी. शास्त्रज्ञांच्या सल्ल्यापेक्षा जास्त कोटा मंजूर करणाऱ्या मंत्र्यानेही पाच वर्षांनी त्याच बंदरात उभं राहावं. पण दोन चुकांमधला एक फरक विसरू नका. बंदी जास्त कडक ठरली तर ती उठवता येते. मासा जास्त पकडला गेला तर तो परत आणता येतोच असं नाही. पूर्व बाल्टिकमधला कॉड घ्या. २०१९ मध्ये त्याची मासेमारी तातडीने थांबवली, पण साठा अजून सावरलेला नाही. प्राणवायू नसलेलं खोल पाणी, तापमान, परजीवी अशी कारणं त्यात आहेत, हे खरं. पण आधीच दुबळा झालेला साठा या संकटांना तोंड देऊ शकला नाही, हेही खरं. पुरावा पूर्ण होईपर्यंत थांबा, असं म्हणणाऱ्याने ही शक्यता हिशेबात धरली पाहिजे.

साशंक : बंदर एकदा बंद पडलं की तेही परत येत नाही. बोट भंगारात गेली, मुलगा शहरात गेला, लिलावाची जागा विकली गेली की पुढे मासा वाढला तरी तो पकडायला त्या गावात कोणी नसतं. मग तो मासा मोठ्या कंपनीच्या जाळ्यात जातो. म्हणजे न उलटणारी हानी दोन्ही बाजूंना आहे, आणि तुम्ही तिची एकच बाजू मोजता.

समर्थक : मग आपला वाद समुद्र वाचवायचा की नाही यावर उरलेला नाही. शंका असताना थांबायचं की पुढे जायचं, आणि त्या निर्णयाची किंमत कोणाच्या माथी मारायची, यावर तो येऊन ठेपला आहे. माझं म्हणणं अजूनही हेच की शंका असेल तेव्हा जाळं थांबलं पाहिजे.

साशंक : आणि माझं म्हणणं असं की जो जाळं थांबवायला सांगतो, त्याने थांबलेल्या बोटीवरच्या खलाशाचं पुढच्या हंगामात काय होणार, हे त्याच दिवशी, त्याच कागदावर लिहून द्यावं. ते लिहिलेलं नसेल तर मी त्या बंदीला विरोध करीन, तिच्यामागचं विज्ञान बरोबर असलं तरी.

समर्थक : तिथे मी तुमच्याबरोबर येऊ शकत नाही, कारण तो कागद तयार होईपर्यंत मासा थांबत नाही. पण तो कागद मागितल्याशिवाय मी यापुढे कोणत्याही मोहिमेवर सही करणार नाही.